पंधरा मीटरपर्यंत

उकूनं जूनभर स्ट्रॉबेरी खुडून पैसे साठवले
आणि हा पिवळा कॅमेरा घेतला, साबणाच्या वडीएवढा.
खोक्यावर लिहिलंय: पंधरा मीटर खोलीपर्यंत निर्धास्त.
आणि आम्ही आलोय प्यार्नूला,
जिथं समुद्र गुडघ्याच्या वर यायला
चालत सुटावं लागतं.

"आता?" तो विचारतो.
अजून नाही.
"आता?"
पोटऱ्या. फक्त पोटऱ्या.
टोपी घातलेले एक आजोबा
आमच्यापुढे दोनशे पावलांवर उभे, समुद्राच्या मधोमध,
वर्तमानपत्र वाचत,
बसची वाट पाहावी तसे.

मारिका माझ्या डावीकडे. चार हात सोडून.
सात वर्षांत प्रथमच
एका फोटोत मावू इतक्या जवळ.
आईची होडी तिनं मला न विचारता विकली, वल्ह्यांसकट.
मी दिलेला हिरव्या रंगाचा दुसरा हात
अजून वाळलाही नव्हता.
त्यावर मी जे बोलले ते इथं लिहिणार नाही.
तेव्हापासून आम्ही एकमेकींना पाण्यात पाहतो.

उकूला हे माहीत नाही.
किंवा असेलही. नऊ वर्षांच्या पोराला
काय काय माहीत असतं, कोण सांगणार.
तो पालथा पडतो, एक हात वाळूत रोवून,
आणि टिपत सुटतो:
माझी नखं.
मारिकाचा घोटा, त्यावर आईसारखीच निळी शीर.
एक रबरी चप्पल, कुणाचीच नाही.
पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं,
मीठ आजाऱ्याच्या पेजेत असतं तेवढंच.

शेवटी एकदाचं कमरेला लागतं.
थंडी अशी की शब्द अर्धेच बाहेर येतात.
"तीन म्हटलं की दोघी खाली. डोळे उघडे.
नाक धरायचं नाही."
पन्नाशीच्या दोन बायका,
एक भूगोल शिकवते, एक लोकांचे दात काढते.
एक.
दोन.

खाली तपकिरी उजेड
आणि त्यात मारिका:
गाल फुगलेले, केस सगळे वर,
भिजवलेल्या मांजरीसारखी संतापलेली.
मी तिला पाण्यात पाहिलं.
तिनं मला.
उकू सांगत होता, पाण्यात वस्तू
पाव हिश्शानं जवळ दिसतात.
तार्तू ते हाप्सालू अडीचशे किलोमीटर.
पाव वजा केला तरी पुष्कळच उरतात.
तिच्या नाकातून एक बुडबुडा सुटला,
लहान, बावळट,
आणि मला हसू आलं, म्हणजे ठसका,
म्हणजे पोटात निम्मा समुद्र.
पाठीवर कुणीतरी थापट्या मारत होतं.
हात ओळखीचा होता.

रात्रीचे साडेदहा, तरी बाहेर उजेड आहे.
उकू झोपलाय, भाजलेल्या खांद्यांवर आंबट साय थापून.
कॅमेरा बेसिनमध्ये, गोड्या पाण्यात.
पत्रक सांगतं: झाकणाची रबरी कड तपासा.
एक केस पुरतो पाणी आत शिरायला.

मारिका चष्मा कपाळावर चढवते.
दातांच्या डॉक्टरची बोटं,
जुन्या ब्रशनं कड उकलत जातात, घाई नाही.
निघतो. करडा, वीतभर.
म्हणूनच त्या फोटोत वरच्या कोपऱ्यात धुकं,
खाली उकूचं बोट, लालसर, डोंगराएवढं,
आणि उरलेल्या फटीत आम्ही.

"तुझा," ती म्हणते.
"तुझाच," मी.
खिडकीशी नेऊन धरतो, आळीपाळीनं,
आपापल्या केसांशी लावून बघतो.
कळत नाही.

होडीचा विषय अजून निघालेला नाही.
उद्या दिवसभर पाऊस सांगितलाय.